पाचशे वीस मीटरच्या पुढे

सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी दोन आसनांचं शिकाऊ विमान कोकणातल्या कातळी सड्यावरच्या धावपट्टीवरून उडालं. उडण्याआधी दोन सेकंद त्याचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं होतं.

आवाज फार मोठा नव्हता. पत्र्याच्या पडवीवर नारळ पडावा तसा एक ठोका, आणि त्याला जोडून लोखंड खरवडल्याचा कर्कश सूर. विमानाने नाक टेकलं, पंख्याच्या टोकांनी डांबर ओरबाडलं, आणि ते आता तोंडावर आपटणार असं वाटत असतानाच वेगाच्या जोरावर वर उचललं गेलं. त्याच्या खालून काहीतरी पांढरं सुटलं आणि पट्टीच्या कडेच्या गवतात जाऊन पडलं.

महिपत गोताड जीपला टेकून उभा होता. पट्टीची देखभाल त्याच्याकडे. गेली सहा वर्षं रोज सकाळी पट्टी तपासून रजिस्टरमध्ये सही करणं हे त्याचं काम, आणि त्या सहीशिवाय उड्डाण प्रशिक्षण केंद्रातलं एकही विमान हलत नसे. आजची सही त्याने सात वाजून दहा मिनिटांनी केली होती.

तो धावत सुटला. खड्डा कुठे असणार हे त्याला शोधावं लागलं नाही. कडेच्या चुना फासलेल्या दगडावर तीनशेचा आकडा होता, त्याच्यापुढे दहा पावलं. तिथलं डांबराचं वरचं पापुद्र्यासारखं आवरण फुटून आत गेलं होतं आणि खाली वीतभर खोल लाल चिखल दिसत होता. महिपतने बोटं घातली. चिखल गार होता, आणि बोटं काढताच त्यात पाणी भरलं.

दहा दिवसांपूर्वी याच खड्ड्यात त्याने जांभ्या दगडाचे तुकडे भरले होते.

त्याने मान वर केली. विमान पूर्वेच्या टोकापलीकडे वळण घेत होतं. इंजिनाचा आवाज नेहमीचा नव्हता. रिकाम्या टेम्पोत भांडी थडथडावीत तसं काहीतरी त्यात मिसळलं होतं.

विमानात मनस्वी पालशेतकर एकटी होती. वय एकोणीस, गाव हेदवीजवळ, वडिलांची मासेमारीची होडी. एकटीने उडण्याची तिची ही चौथी खेप. सकाळी हँगरबाहेर तिने नेहमीप्रमाणे विचारलं होतं, "काय काका, पट्टी कशी?"

"तुझ्या रांगोळीपेक्षा सरळ."

"माझी रांगोळी बघितलीत कुठे तुम्ही?"

"बघितली नाही म्हणूनच सांगतोय."

ती हसत विमानाकडे गेली होती. त्याला अर्धा तासही झाला नव्हता.

गवतात पडलेलं पांढरं काही त्याने उचललं. पुढच्या चाकावरचं फायबरचं टोपण, दोन तुकडे झालेलं. ते काखेत मारून तो रेडिओच्या खोलीकडे पळाला.

खोली म्हणजे एक जुना कंटेनर. आत रेडिओवर शुभंकर बसला होता आणि त्याच्या खांद्यावरून वाकून मुख्य प्रशिक्षक कॅप्टन हेतल माइकवर बोलत होत्या. कॅप्टन मुंबईच्या. चार वर्षांपूर्वी इथे आल्या तेव्हा त्यांना जांभा आणि माती यातला फरक कळत नव्हता, पण विमानाच्या बाबतीत त्यांचं कधी चुकल्याचं महिपतने पाहिलं नव्हतं.

"मनस्वी, इंजिनाचा वेग कमी ठेव. थडथड कमी झाली का?"

"थोडी कमी आहे, मॅडम." स्पीकरमधून आलेला आवाज बारीक होता, पण तुटलेला नव्हता. "पायाखालचं पेडल डावीकडे ओढल्यासारखं होतंय. काय लागलं मला?"

"ते आम्ही बघतो. तू सड्यावरच गोल फिर. हजार फुटांखाली येऊ नको, आणि पट्टी नजरेआड होऊ देऊ नको."

कॅप्टननी बटण सोडलं आणि महिपतच्या काखेतल्या तुकड्यांकडे पाहिलं. "पंखा लागला?"

"लागला. डांबरावर पाच खुणा हायत... आहेत."

"आणि चाक?"

"दुर्बिणीतून बघावं लागेल."

शुभंकरने दुर्बीण घेऊन दारातून पाहिलं. विमान डोक्यावरून गेलं. "वाकडं आहे," तो म्हणाला. "पुढचं चाक आडवं झालंय, मॅडम. दारावर उलटी चप्पल टांगतात ना, तसं लटकतंय."

शहराकडच्या मोठ्या धावपट्टीचा विचार कॅप्टननी आधीच केला होता आणि सोडला होता. अंतर फार नव्हतं, पण मध्ये खाडी, घरं, आंब्याच्या बागा. जमिनीला घासलेला पंखा आणि हिसका बसलेलं इंजिन पाच मिनिटं चालेल की पन्नास, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. ते बंद पडलंच तर खाली सडा असायला हवा होता. फोनाफोनीत वीस मिनिटं गेली, तेव्हा कुठे तालुक्याच्या ठिकाणाहून अग्निशमनाचा बंब निघाला. पोचायला चाळीस मिनिटं लागणार होती.

"रजिस्टर दे," कॅप्टन म्हणाल्या.

शुभंकरने पान उघडून वाचलं. "पावसाळ्यानंतरची दुरुस्ती. तीनशे दहा मीटर, चारशे पन्नास मीटर, पाचशे वीस मीटर. तीन पॅच. तयार डांबरमिश्रण भरून दाबले. खाली काकांची सही."

"म्हणजे एक फुटला, दोन पक्के. वारा?"

"मतलई. पूर्वेकडून, आठ नॉट."

सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा हा वारा. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणजे मनस्वीला पश्चिमेच्या टोकाकडूनच यावं लागणार होतं, खड्ड्याच्या बाजूने. आणि पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला सडा संपतो. पुढे थेट दीडशे फुटांची घळ.

कॅप्टननी कागदावर एक रेघ ओढली आणि तिच्यावर आकडे टाकले. "अकराशे मीटरची पट्टी. खड्डा ओलांडून चारशेवर टेकवायचं. मागच्या दोन चाकांवर धावत राहायचं, नाक शक्य तेवढं वर. वेग संपला की नाक आपोआप खाली येईल. सातशे मीटर मिळतात. भरपूर आहेत."

महिपत दारात उभा होता. चारशेवर टेकलं की विमान पन्नास मीटरवर दुसऱ्या पॅचवर जाणार, पूर्ण वेगात. तिथून सत्तर मीटरवर तिसरा.

डांबरमिश्रणाची गाडी दोनदा पुढे ढकलली गेली होती. चार महिने पावसामुळे पट्टी बंद, मुलांचे उड्डाणाचे तास अडलेले, आणि सोमवारी सुरू करायचंच असं वरून ठरलेलं. सड्याच्या कडेला चिरेखाण. तिथे जांभ्याच्या तुकड्यांचा हा ढीग पडलेला. महिपतचा बाप त्या खाणीत चिरे काढून म्हातारा झाला होता. महिपतचं घर जांभ्याचं, विहीर जांभ्याची, देवळाकडे जाणारी पाखाडी जांभ्याची. त्या मुलखात खड्डा पडला की माणूस विचार न करता जांभा भरतो, आणि तो वाऱ्याने दरसाल अधिकच टणक होतो. आजोबांच्या हातचे भराव अजून जागेवर होते. महिपतने तुकडे ठेचून बसवले, वर दोन बोटं डांबर ओतलं, आणि रजिस्टरमध्ये जे भरायला हवं होतं ते लिहिलं. गाडी आली की खरं भरून टाकू, मग लिहिलेलं खरंच होईल, असा त्याचा हिशेब.

सडा उपळतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पावसाळ्यात कातळाच्या पोटातून पाणी वर येतं, जागोजाग झिरपतं. पण पाऊस गेला की उपळ बसते. या वर्षी पाऊस गेला, आणि मंगळवारी परत आला. दोन दिवस कोसळला. वाऱ्यात टणक होणारा दगड खालून पाणी लागलं की माती होतो.

"मनस्वी, नीट ऐक," कॅप्टननी माइक उचलला होता. "तू चारशेच्या दगडाशी..."

"चारशेवर नको, मॅडम."

कॅप्टननी वळून पाहिलं. बटणावरचं बोट तसंच होतं. त्यांनी ते उचललं.

"तिन्ही सारखेच आहेत," महिपत म्हणाला. "डांबरमिश्रण नव्हतं. मी जांभा भरला. वर फक्त डांबराचा थर आहे. खाली चिखल झाला असणार."

शुभंकरने रजिस्टर मिटलं.

"सकाळी तपासलंत तेव्हा?" कॅप्टननी विचारलं.

"जीप नेली वरून. जीपची चाकं रुंद, ती निघून गेली. विमानाचं चाक हातगाडीएवढं. ते टोचतं."

कॅप्टन हेतल यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी कागदावरचे दोन आकडे खोडले. "पाचशे वीसच्या पुढे?"

"पुढे पट्टी जुनीच आहे. काळ्या दगडाची. तिथे काही केलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

"पाचशे ऐंशी मीटर उरतात." त्यांनी मनाशी काहीतरी मोजलं. "चालेल. अगदी काठावर, पण चालेल. तिला वरून दिसेल अशी खूण पाहिजे. पट्टीवर आडवी पांढरी रेघ, साडेपाचशेवर. दहा मिनिटांत. आणि भाऊ..."

"हां, मॅडम."

"बाकीचं नंतर."

आठ वाजून तेरा मिनिटं झाली होती.

विठू रेवाळे हँगरमागे दगडांना फासायचा चुना भिजवत होता. विठू महिपतचा मदतनीस, त्याच्याच वाडीतला, वयाने दहा वर्षांनी लहान. जांभा ठेचायला आणि डांबर तापवायला तोच होता. ठोका त्यानेही ऐकला होता, आणि तेव्हापासून तो चुना ढवळतच होता.

"गाडीत टाक कोरडा चुना," महिपत म्हणाला. "दोन्ही पोती."

"दादानू, पोर वाचंल ना?"

"आधी पोती टाक."

जीप पट्टीच्या कडेने साडेपाचशेच्या दगडापर्यंत गेली. दोघांनी पोतं फाडलं आणि ओंजळीने चुना टाकत आडवी रेघ ओढायला घेतली, एकाने या कडेने, दुसऱ्याने त्या कडेने. मतलई चुना उडवत होती. डोक्यावर विमान फिरत होतं. दर फेरीला त्याची सावली पट्टीवरून सरकत जाई आणि तेवढ्यापुरता विठू हात थांबवी.

रेघ मध्यावर मिळाली तेव्हा विठू उकिडवाच बसून राहिला.

"ऊठ मेल्या, झाला."

"दादानू," विठू म्हणाला, "रेघ हितंच कशाला? येवढ्या पुडं?"

"मी सांगितलं मॅडमना. तिन्ही पॅचचं. आता याच्या पुढेच उतरवणार. पुढे पट्टी साफ आहे."

विठूने पूर्वेकडे पाहिलं. महिपतकडे पाहायचं मात्र टाळलं.

"काय रे?"

"एक पुडं पन हाय."

"काय आहे?"

"चौथा. तुमी जेवायला गेला व्हतात त्या दिवशी. घमेलाभर माल उरला व्हता, डांबर पन तापल्याला. वाया कशाला घालवायचा म्हटला. पुडं एक खोलगट व्हता, त्येच्यात पानी साचायचा. मी खरवडला नि भरला. तुमाला सांगनार व्हतो, पन सांज झाली, राहिला."

महिपतच्या हातात अजून चुना होता. तो त्याने हळूच पोत्यात सोडला.

"कुठे?"

"पुडं."

"पुढे कुठे? सातशे? नऊशे?"

"त्याच आठवत नाय. भाकरी मी कुंपनाच्या खांबाशी बसून खाल्ली..."

"मेल्या, दोनशे खांब आहेत! मध्ये होता का कडेला?"

"मदी नसंल. असंल पन. दादानू, मी काय मोजला नव्हता हो!"

जीपमध्ये वॉकीटॉकी होता. महिपतने तो उचलला आणि एका दमात सांगून टाकलं.

"जीप फिरवून कळेल?" कॅप्टनचा आवाज.

"जीपला कळत नाही, मॅडम. सकाळीही नाही कळलं."

"मग कशाला कळेल?"

महिपतने खाली पाहिलं. डांबरावर ऊन पडून दीड तास झाला होता. एवढ्या उन्हात काळं डांबर हाताला ऊबदार लागायला सुरुवात होते. फुटलेल्या खड्ड्यातला चिखल मात्र गार होता, वरचा थरही गार असणार. खाली पाणी असेल तिथे डांबर लवकर तापत नाही. खाणीत बाप अनवाणी चालत असे. कुठल्या कातळाखाली पाणी आहे हे तळव्याला कळतं, म्हणायचा, आणि तिथे पहार घालायचा नाही.

"पायाला कळेल," तो म्हणाला. "चालून बघावं लागेल."

"सगळी पट्टी?"

"दोघे आहोत."

"सगळी नको," कॅप्टन म्हणाल्या. "एक गल्ली द्या मला. उजव्या कडेने, पाच मीटर रुंद, रेघेपासून शेवटापर्यंत. तेवढी साफ असली तरी पुरे, मी तिला गल्लीतून आणते. किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

"दहा बघा."

आठ वाजून सव्वीस मिनिटांनी दोघांनी चपला काढल्या. विमानाच्या मागच्या दोन चाकांमध्ये असतं तेवढं अंतर ठेवून ते शेजारी शेजारी उभे राहिले. महिपतने विठूला बजावलं. पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत न्यायचं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुढे. गार लागलं की हाक मारायची. शंका आली तरी मारायची.

"आनि मदीच आला तर?"

"काय आलं तर?"

"म्हंजे इमान हो."

"आलं तर गवतात उडी मार. मला विचारत बसू नको."

सहाशेचा दगड मागे पडला. डांबर ऊबदार होतं, खरखरीत, जुन्या खडीची टोकं तळव्याला टोचत होती. महिपतचं सगळं लक्ष पायात होतं. कान मात्र वर, थडथडणाऱ्या आवाजाशी बांधले गेले होते. लांब गेलेला आवाज परत येतोय का, याची वाट बघणं सगळ्यात वाईट होतं.

सहाशे ऐंशीवर विठूने हाक मारली. महिपत वाकला, तळहात टेकवला. गार होतं खरं, पण तिथे कुंपणाबाहेरच्या एकुलत्या एका काजूची सावली होती. "सावली आहे, चल."

सातशे.

कमरेच्या वॉकीटॉकीतून कॅप्टन आणि मनस्वी यांचं बोलणं अधूनमधून ऐकू येत होतं. कॅप्टन तिला पांढरी रेघ दिसते का विचारत होत्या. दिसते, ती म्हणाली. नाक किती वेळ वर धरायचं, ब्रेकला पाय लावायचा नाही, टेकताक्षणी इंजिन बंद करायचं, दार आधीच उघडून ठेवायचं. मनस्वी प्रत्येक सूचना परत म्हणून दाखवत होती. मग ती म्हणाली, "मॅडम, खाली पट्टीवर दोन माणसं चालतायत."

"माहीत आहे. ती तुझ्यासाठीच चालतायत."

"काका आहेत का?"

"आहेत."

"त्यांना सांगा, सरळ चाला. रांगोळी काढल्यासारखे चालतायत."

विठू फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. महिपतने पाऊल घासत पुढे नेलं. नव्हतं जमत. डोळ्यांत चुना गेला होता.

आठशेच्या दगडाशी बंबवाल्यांचा निरोप आला. महामार्गावर हातखंब्यापाशी ट्रेलर आडवा पडला आहे, बंब मागे फिरून दुसऱ्या वाटेने येतोय. अजून वीस मिनिटं.

आठशे चाळीसवर विठू थांबला. या वेळी त्याने हाक मारली नाही, नुसताच उभा राहिला. महिपत त्याच्याजवळ गेला, पाय लावला. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही तळहात लावले. ऊबदार होतं.

"इथे काही नाही."

"खांब," विठू म्हणाला. तो कुंपणाकडे बघत होता. "त्यो मोडका खांब. तिरका झाल्याला. मी भाकरी तितं खाल्ली असंल असा वाटता, दादानू."

"वाटतं की आठवतं?"

"वाटता."

तिरका खांब तिथून पूर्वेला होता, नऊशे वीसच्या आसपास. पण असाच तिरका खांब त्याच्याही पुढे होता, हजारच्या दगडापाशी. महिपतने दोन्हीकडे पाहिलं. "चल. दोन्ही बघू."

ते नऊशेला पोचले तेव्हा वरचा आवाज बदलला. थडथड आधी जड झाली, मग मध्येच एक गचका, मग परत थडथड. महिपत जागच्या जागी थांबला.

"मॅडम," वॉकीटॉकीतून मनस्वीचा आवाज आला. या वेळी तो वर चढला होता. "ऑइलचा काटा खाली येतोय. लाल रेघेच्या खाली गेला."

"ठीक आहे. आपण उतरतोय. आत्ताच. पश्चिमेकडे ये आणि वळ. इंजिन थांबलं तरी तू पट्टीवर पोचशील, एवढी उंची तुझ्याकडे आहे. कळलं?"

"कळलं."

मग कॅप्टननी महिपतला विचारलं, "कुठपर्यंत झालं?"

"नऊशे."

"साफ?"

"नऊशेपर्यंत साफ. अजून दोनशे..."

"किती वेळ?"

"चार मिनिटं. तीन."

"दोन आहेत तुमच्याकडे," कॅप्टन म्हणाल्या. "मग बाहेर."

महिपत घासत नव्हता आता, झपाझप पावलं टाकत होता, आणि पावलं झपाझप पडली की तळव्याला काही कळत नाही हे त्याला ठाऊक होतं. तो परत हळू झाला. नऊशे दहा. ऊबदार. नऊशे पंधरा. ऊबदार. पश्चिमेला, पट्टीच्या त्या टोकापलीकडे, विमान वळून समोरासमोर आलं होतं. एवढंसं दिसत होतं, पंख सपाट, खाली वाकडं चाक. आवाज येत नव्हता. इंजिन बंद पडलं होतं की वाऱ्यामुळे ऐकू येत नव्हतं, ते कळायला मार्ग नव्हता.

पहिला तिरका खांब बरोबर शेजारी आला. दोघांनी मिळून तिथलं डांबर पायांनी चाचपलं, एकदा, दोनदा. ऊबदार होतं. दोन्ही वेळा.

"मग पुडचा," विठू म्हणाला. "हजारचा. आता आठवला दादानू, शपथ."

"भाऊ, बाहेर व्हा!" कॅप्टन ओरडल्या. त्या ओरडल्याचं महिपतने पहिल्यांदा ऐकलं.

त्याने विठूला दंडाला धरून गवतात ढकललं आणि स्वतः त्याच्या मागोमाग गेला. मग गवतातूनच, पट्टीच्या कडेने, हजारच्या दगडाकडे धावत सुटला, अनवाणी. हातात चुन्याचं रिकामं पोतं होतं. तिथे पोचला तर निदान ते हलवून दाखवता येईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आठ वाजून एकेचाळीस मिनिटांनी मनस्वी पालशेतकरचं विमान पांढरी रेघ ओलांडून उजव्या गल्लीत टेकलं. मागची दोन्ही चाकं जमिनीवर, नाक वर. पंखा फिरत नव्हता. सातशेच्या दगडापाशी ते अजून सरळ धावत होतं. नऊशेच्या पुढची पट्टी, वीस मीटर सोडली तर, तपासायची राहिली होती.